शिशाचे मणी

फेकायच्या जाळ्याच्या घेराला खाली शिशाचे मणी असतात. ते मी बारा वर्षं ओतले. शेतकऱ्याच्या पोराला हा उद्योग कुठून सुचला असं कुणी विचारलं, तर त्याचं उत्तर भीमेच्या पाण्यात आहे.

उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं तेव्हा मी विशीत होतो. दहावी झालेली. पुढं शिकायची ऐपत नव्हती, आणि नदीकाठची काळी असल्यावर शिकून करायचं काय, असं वडलांचं म्हणणं. ती काळी पाण्याखाली गेली. करमाळा तालुक्यातली काठाची गावंच्या गावं उठली. केत्तूरचे दोन भाग झाले. वांगीला तर आकडे पडले, वांगी एक, वांगी दोन असे. आमचंही गाव उठलं. बदल्यात मिळालेलं रान मुरमाड. त्यात बाजरीसुद्धा नाइलाजानं यायची.

आमच्या वर्गातला भोई वस्तीवरचा तात्या मात्र खुशीत होता. म्हणायचा, "आरं, नदी व्हती तवा पाटीभर मासं मिळायचं. आता दारात दर्या आलाय." पण दर्याला नदीचं जाळं पुरत नव्हतं. मोठं जाळं, मोठा घेर, म्हणजे खाली तीन-चार किलो शिसं. जाळं हवेत गोल उघडलं पाहिजे आणि मासा सावध व्हायच्या आत तळाला बसलं पाहिजे. ते काम वजनाचं. मणी बाजारातनं आणायचे तर लांब जावं लागायचं आणि पैसेही जास्त. तात्याच म्हणला, "गड्या, तुला रान न्हाय, मला मणी न्हाईत. तू वत की."

मग मी ओतायला लागलो. भंगारवाल्याकडून ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या घ्यायच्या, फोडायच्या, आतल्या प्लेटी काढून गोठ्यामागं ढीग घालायचा. तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी कढई. शिसं ३२७ अंशाला वितळतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कढईतलं करडं शिसं चांदीसारखं लखलखायला लागलं की वरची मळी पळीनं काढायची आणि साच्यात ओतायचं. साचा दोन पाळ्यांचा, लोखंडी, दोरीच्या भोकासाठी मधी खिळा. ओतायच्या आधी साच्याला चिमणीची काजळी धरायची, म्हणजे मणी चिकटत नाही. माझ्या साच्याच्या एका पाळीला छिन्नीचा टवका उडालेला होता, त्यामुळं माझ्या प्रत्येक मण्यावर तांदळाएवढा उंचवटा यायचा. त्यावरून काठाची माणसं ओळखायची की हा माल कुणाचा.

एकदा ओल्या साच्यात शिसं ओतलं. साच्यात थेंबभर पाणी असंल, पण त्याची एका क्षणात वाफ झाली आणि सगळं शिसं वर उडालं. डाव्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे. मला वाटलं, शिशापासनं धोका असलाच तर तो एवढाच. भाजलं तर कळतं, आणि कळतं त्याची भीती कसली!

१९९४ च्या उन्हाळ्यात आमचा खिलारी गोऱ्हा गेला. दीड वर्षाचा, पांढराशुभ्र, पुढच्या साली जुंपायचा होता. आधी त्यानं वैरण सोडली. मग दात खायला लागला. तिसऱ्या दिवशी भिंतीला कपाळ लावून उभा राहिला आणि ढकलल्यासारखा भिंत रेटायला लागला. डोळे उघडे, पण दिसत नव्हतं. डोळ्यासमोर हात फिरवला तरी पापणी हलली नाही. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी गोठ्याभोवती एक चक्कर मारली आणि प्लेटींच्या ढिगापाशी थांबले. प्लेटी एका बाजूनं चाटून चकचकीत झालेल्या.

"जनावरं हे चाटतात," ते म्हणाले. "शिसं भिनलंय. आता माझ्या हातात फार काही नाही."

दुसऱ्या दिवशी गोऱ्हा गेला. कारभारणीनं तोंडात एकच वाक्य काढलं, "अवो, पोरंबी तिथंच खेळत्यात." त्या दिवशी कढई पालथी घातली. प्लेटी, मळी, राख सगळं पोत्यात भरलं आणि भंगारात घातलं. तात्याला सांगितलं, आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. तो काही बोलला नाही. बाजारातनं मणी आणायला लागला.

मला वाटलं, विषय संपला. पण शिसं कुजत नाही, हे मला नंतर कळलं.

धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं हटतं. फार हटलं की जुन्या गावाच्या पायऱ्या, जोती उघडी पडतात आणि आम्ही म्हातारी माणसं तिथं जातो. इथं आपली चावडी, इथं आपलं दार, असं एकमेकांना दाखवत फिरतो. २०१९ च्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन गेलो. पाच वर्षांचा होता. मी आमच्या वाड्याचं जोतं शोधत होतो आणि तो मागं चिखलात काहीबाही गोळा करत होता. वळून बघतो तर त्याचा एक गाल फुगलेला.

"काय रं तोंडात?"

त्यानं हातावर थुंकलं. शिशाचा मणी. धोतरानं पुसला आणि अंगठा फिरवला, तर तांदळाएवढा उंचवटा लागला.

तुटलेल्या जाळ्यातनं गळालेला असंल. पंचवीस-तीस वर्षं पाण्यात होता, आणि आला तो थेट माझ्या नातवाच्या तोंडात. नातवाला काही झालं नाही. रक्त तपासून घेतलं, डॉक्टरांनी काळजी नको म्हणून सांगितलं. पण मी चार रात्री झोपलो नाही. डोळा लागला की गोऱ्हा भिंत रेटताना दिसायचा.

त्याच सुमाराला आमच्या काठाला रोहित पक्षी बघायला एक मास्तर यायचे. त्यांना मणी दाखवला. त्यांनी सांगितलं की पक्षी दाणा दळायला बारीक खडे गिळतात, त्यात शिसं गेलं तर ते पोटात झिजत राहतं आणि पक्षी मरतो. इंग्लंडात राजहंस असे मरायला लागले, म्हणून तिथं १९८७ पासनं मासेमारीच्या बारीक शिशाच्या वजनांवर बंदी आली. लहान पोरांच्या बाबतीत तर शिशाचं अमुक एक प्रमाण बिनधोक, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही. मी मनात हिशेब केला. बारा वर्षांत किती कढया उतरवल्या? तळाला माझं किती पडलं असंल?

मी तात्याकडं गेलो. तो ओट्यावर जाळं विणत बसलेला. मणी दोरीला घट्ट बसावा म्हणून दाढेत धरून दाबत होता. शेजारी त्याचा नातू, तोही आज्याचं बघून तेच करत होता.

"तात्या, दात लावू नगं."

"साठ वर्सं लावतोय. मेलो का?"

याला काय उत्तर द्यायचं?

पुढच्या साली लॉकडाऊन लागला आणि माझा पुतण्या चाकणहून घरी आला. तो तिथं पावडर कोटिंगच्या कामावर होता. लोखंडाला ब्रशनं रंग न देता रंगाची कोरडी पावडर विजेच्या जोरावर चिकटवायची आणि भट्टीत भाजायची, असं ते काम. त्याला सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "नाना, शिसं काढता येत नसंल तर झाकता येतंय."

गाड्या चालू झाल्यावर त्यानं अर्धा किलो काळी पावडर आणली. भंगारातला एक जुना ओव्हन घेतला. तो गोठ्यापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला आणि त्यात भाकरतुकडा काही जाणार नाही, अशी कारभारणीनं सगळ्यांना ताकीद दिली. तात्याचे शेरभर मणी मागून आणले. साबणानं धुतले, वाळवले. प्लास्टिकच्या डब्यात मूठभर मणी आणि चमचाभर पावडर घालून मिनिट-दोन मिनिटं डबा गरागरा हलवला. घासून वीज तयार होते आणि पावडर मण्याला धरते. हवा कोरडी लागते. पावसाळी दिवशी पावडर धरत नाही. मणी तारेत ओवले, एकाला एक चिकटणार नाही असे टांगले. ओव्हनचा काटा दोनशेवर, वेळ दहा मिनिटं.

बाहेर काढले तर काळे कुळकुळीत, जांभळासारखे. मी खूश. तात्याला नेऊन दिले. आठवड्यात तो मूठभर मणी घेऊन आला आणि ओट्यावर ओतले. कोटिंगचे पापुद्रे सुटलेले, आतलं करडं शिसं उघडं.

"तुज्या रंगाचं कपटं मासं खात्यात आता," तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिसं तर होतंच, त्यात आता प्लास्टिकही पाण्यात घातलं.

चूक कुठं होती ते पुतण्यानं शोधलं. आम्ही दहा मिनिटं मोजली ती बटण दाबल्यापासनं. मोजायची असतात मणी दोनशे अंशाला पोचल्यापासनं. हवा लवकर तापते, शिशाचा गोळा सावकाश. पावडर वितळून चकाकी येते ती आधीच. बांधणी पक्की होते ती नंतर. चकाकी बघून काढलं की वरनं झालेलं दिसतं आणि आत कच्चंच राहतं. भाकरी वरनं करपली म्हणून आतनं भाजलेली असती का? कुंभाराला विचारा, मडकं लाल दिसलं म्हणून कुणी आवा उकलतो का? हे मला साठाव्या वर्षी कळायला नको होतं.

दुसऱ्या खेपेला मण्यात बारीक वायर घालून उष्णता मोजायचं मीटर आणलं. ओव्हनचा काटा तीस अंशानं खोटं बोलत होता. कॉइलजवळ तर उष्णता एवढी, की तिथं टेकलेले दोन मणी मेणासारखे बसले. मग मणी मधल्या फळीवर घेतले. मण्याची उष्णता दोनशेला पोचायला पाऊण तासाच्या आसपास लागला, पुढं दहा मिनिटं मोजली आणि आपोआप गार होऊ दिले. परीक्षा दोन. थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्यानं तीस वेळा घासायचं. फडक्याला रंग लागला तर माल कच्चा. आणि एक मणी ऐरणीवर ठेवून हातोड्यानं चपटा करायचा. शिसं रुपयासारखं पसरलं तरी कोटिंग त्याच्यासंगं पसरलं पाहिजे, तडकता कामा नये.

पसरलं. तात्यानं तो चपटा मणी नखानं खरवडून बघितला, दाढेत धरायला उचलला, माझ्याकडं बघितलं आणि खाली ठेवला. मी खिशातली पक्कड काढून त्याच्या हातात दिली.

आता त्याच्या दोन जाळ्यांना काळे मणी आहेत. खरं सांगायचं तर हे झाकणच. दगडावर घासून घासून कोटिंग जातंच, म्हणून पावसाळ्याआधी तो मणी तपासतो आणि उघडे पडलेले माझ्याकडं परत देतो. लावून ठेवायच्या जाळ्यांना त्यानं शिसं बंदच केलं. त्याच्या वडलांच्या काळी तिथं भाजलेल्या मातीचे मणी असायचे, तेच पुन्हा करून घेतले. ते जड नाहीत, पण उभ्या जाळ्याला चालतात आणि फुटले तर त्यांची मातीच होते.

दर उन्हाळ्यात पाणी हटलं की मी जुन्या गावात जातो. आता वाड्याचं जोतं शोधत नाही, खाली बघत चालतो. नातू संगं असतो, त्याच्या हातात पत्र्याचा डबा. मणी सापडला की तो आधी अंगठा फिरवतो.

"आजोबा, तुमचाच," म्हणतो, आणि डब्यात टाकतो.