तुळशी पाइप ऊर्फ सेनापती बापट

टॅक्सीत बसून 'सेनापती बापट मार्ग' म्हणून बघा. एखादा जुना काळी-पिवळीवाला हमखास विचारेल, 'म्हणजे तुळशी पाइपच ना?' हो, तोच. माहीमकडून दादर, एल्फिन्स्टन (२०१८ पासून स्टेशनचं नाव प्रभादेवी), लोअर परळ असा पश्चिम रेल्वेला चिकटून जाणारा रस्ता. दादरला फुलबाजाराची झुंबड, पुढे काचेचे टॉवर, मॉल, कॅफे. तुमचं ऑफिस इथं नसेल, तर शनिवारची संध्याकाळ तरी नक्की इथली!

पण या रस्त्याला दोन नावं का?

पहिलं नाव पाण्याचं. १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. आज तो बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आहे. तिथून मलबार हिलच्या टाकीपर्यंत पाइप टाकला. पाइप गेला त्या वाटेचा झाला तुळशी पाइप रोड. सिंपल.

दुसऱ्या नावाची स्टोरी जास्त भारी. पांडुरंग महादेव बापट, मूळचे पारनेरचे. विलायतेत शिकायला गेले आणि बॉम्ब बनवायची कृती घेऊन परतले. १९२१ मध्ये ते मुळशीच्या शेतकऱ्यांसोबत उभे राहिले. टाटांच्या धरणात मावळातली भातखाचरं बुडणार होती, त्याविरुद्धचा हा सत्याग्रह. बापट तुरुंगात गेले, लोकांनी त्यांना 'सेनापती' केलं. धरण मात्र झालंच. १९२७ पासून मुळशीच्या पाण्यावर भिरा इथं वीज तयार होऊ लागली.

ही वीज हवी होती मुंबईला. तिच्या रेल्वेला आणि गिरण्यांना. आणि गिरण्या कुठं होत्या? याच पट्ट्यात. फिनिक्स, कमला, ज्युपिटर, एल्फिन्स्टन. म्हणजे ज्या विजेसाठी मुळशी बुडालं, तिच्या गिऱ्हाइकांच्या दारातून जाणाऱ्या रस्त्याला आपण बापटांचं नाव दिलं! पुण्यातला सेनापती बापट रोडही आज ऑफिस आणि मॉलसाठीच फेमस आहे, हा आणखी एक योगायोग.

पाणी आलं, वीज आली. राहिली माणसं. ती आली घाटावरून आणि कोकणातून, त्यातही रत्नागिरीतून भरपूर. पूर्णगडला मुचकुंदी समुद्राला मिळते. अशा खाड्यांकाठच्या गावांतली मुलं आधी बोटीनं, मग एसटीनं मुंबईत यायची. गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायची आणि भोंगा झाला की खात्यात हजर. गावाकडची चूल त्यांच्या मनिऑर्डरवर पेटायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यातले कितीतरी जण गिरणीत परत गेलेच नाहीत. यांच्या नावाची पाटी या रस्त्यावर कुठंच नाही.

आज फिनिक्समध्ये शॉपिंग होतं, कमला मिलमध्ये मीटिंगा होतात. त्यात गैर काही नाही, आपलीही पोटं यावरच चालतात. पण 'मिल' हा शब्द पत्त्यापुरता उरलाय, हे जाणवायला हवं. पाणी तुळशीचं, वीज मुळशीची, घाम कोकणचा; एका रस्त्यानं हे सगळं पचवलंय.

तेव्हा पुढच्या वेळी मित्राला पत्ता सांगताना 'फिनिक्सजवळ' म्हणू नका. पूर्ण नाव सांगा. त्यानं 'कोण हे बापट?' विचारलंच, तर कॉफी येईपर्यंत सांगण्यासारखी गोष्ट आता तुमच्याकडे आहे.