हुबळी-धारवाड! अहो, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं का नाही?

जा! हा लेख नंतर वाचा, आधी तिकीट काढा आणि घरातल्या झाडून सगळ्यांना घेऊन हुबळीला जा! हो हो, तेच हुबळी. हंपीला जाताना जिथे गाडी थांबते, आपण खिडकीतून चहा घेतो आणि ‘अजून किती राहिलं?’ विचारून पुन्हा झोपतो, तेच. मराठी माणसाला हुबळी लागतं ते मध्येच. मुक्कामाला तिथे फक्त औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आणि लग्नाचं वऱ्हाड उतरतं, असाच आमचाही समज होता. आता मी भेटेल त्याला धरून हुबळी-धारवाड सांगते आहे. सोसायटीतले लोक लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागले आहेत.

आमचं सहल-मंडळ आधी सांगते, म्हणजे चमत्कार केवढा झाला ते कळेल. माणसं सहा, तोंडं सहा दिशांना. सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, फक्त गाणं. सासूबाईंना देऊळ आणि कढत पाणी. नवऱ्याला रेल्वे, तीही प्रवासापुरती नव्हे, इंजिनाच्या नंबरासकट. कन्येला पुस्तक, चिरंजीवांना खाणं आणि वायफाय. आणि मला एवढंच हवं असतं, की दर दोन तासांनी पाचही जणांनी माझ्याकडे ‘आता काय?’ अशा नजरेने बघू नये.

आजवर आम्ही रिसॉर्टवाले. हिरवळ, तरणतलाव, संध्याकाळी रेन डान्स आणि बुफेत पास्त्याला खेटून भरली वांगी. रिसॉर्टच्या फाटकाबाहेर जायला काही नसतं. मग सगळे फाटकाच्या आत एकमेकांचे दोष पाहत बसतात. दुपारपर्यंत टॉवेल कुणाचा यावरून जुंपते आणि रात्री जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष असतात. पैसे भरून भांडायला जायचं, एवढाच त्याचा अर्थ.

या वेळी अप्पांच्या मित्राच्या नातीचं लग्न हुबळीत निघालं म्हणून पुण्याहून वंदे भारतने गेलो. ही गाडी सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाली. दुपारी निघते, सातारा, सांगली, मिरज, बेळगाव, धारवाड करत रात्री हुबळीला टेकते. रोज नसते, वार बघून काढा. नवरा पुण्यापासूनच तरंगत होता. मिरजेला अप्पाही तरंगायला लागले, कारण गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव आलं.

हॉटेल अगदी साधं, शहरी. हिरवळ नाही, तलाव नाही, रिसेप्शनला हुबळीच्या संत सिद्धारूढ स्वामींचा हार घातलेला फोटो. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, आम्ही चेहरे टाकून उभे. काउंटरमागच्या मॅनेजरनी आधार कार्ड मागायच्याही आधी विचारलं, “बर्री, बर्री! ऊटा आतेन्री? जेवण झालं काय आजी?” सासूबाई तिथेच जिंकल्या गेल्या! आजवर कुठल्याही रिसेप्शनने त्यांना हे विचारलं नव्हतं. त्यांनी लगेच मॅनेजरना स्वतःची रक्तशर्करा, गाडीतलं जेवण आणि मधल्या जावेचं गुडघ्याचं ऑपरेशन एवढं सगळं सांगितलं. तेही मराठीत. ते कानडी वळणाच्या मराठीत “हौद री, हौद री” करत ऐकत होते आणि मागे हात करून एक्स्ट्रा बेडची गादी वर पाठवत होते.

खोलीतली वीज कार्डावर. दाराचं कार्ड भिंतीतल्या खाचेत घातलं की दिवे, गीझर, पंखा सगळं चालू. सासूबाईंना हे पटेना. “माणूस न्हाणीघरात आणि बाहेर पंखा फिरतोय, हा काय आचरटपणा?” असं म्हणून त्या कार्ड काढून पदराला बांधत. परिणामी अप्पांच्या तोंडाला साबण आणि भोवती मिट्ट काळोख! आतून आधी भैरव, मग आरडाओरडा. सासूबाईंची नायलॉनची दोरीही आली होतीच. ती खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत ताणून झाली, तिच्यावर अप्पांचे लेंगे. चहा घेऊन आलेला पोऱ्या ट्रे जराही न हलवता लेंग्याखालून वाकून आत आला आणि वर बघत म्हणाला, “गाठ भारी मारलीय की आजी!” दुसरीकडे कुठे असतो तर दंडाची पावती आली असती.

आणि सकाळचा नाश्ता! इडली, वडा, उप्पीट, शिरा. आमच्या घराण्याची जुनी रीत अशी की नाश्त्यातली केळी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये जातात. सासूबाईंनी दोन केळी लंपास केली आणि मान वर केली, तर समोर मॅनेजर! माझा जीव खाली-वर. ते शांतपणे म्हणाले, “डबा देऊ काय? इडली पण घालून देतो. लहान पोरं हाईत.” सांगा, अशा माणसांच्या हॉटेलात कोण भांडेल?

आता बाहेर या. बाहेर तर नुसता दिवाळसण आहे!

पहिला मान नवऱ्याचा. हुबळीचं स्टेशन, म्हणजे श्री सिद्धारूढ स्वामीजी रेल्वे स्थानक, तिथला प्लॅटफॉर्म जगात सगळ्यात लांब आहे. जगात! 1507 मीटर. आधीचा मान गोरखपूरच्या 1366 मीटरला होता. 12 मार्च 2023 रोजी पंतप्रधानांनी हुबळीचा हा प्लॅटफॉर्म देशाला अर्पण केला आणि गिनीज बुकात गोरखपूर मागे पडलं. नवऱ्याने सगळ्यांची प्लॅटफॉर्म तिकिटं काढली. गाडी पकडायची नाही, कुणाला आणायला जायचं नाही, आम्ही फक्त प्लॅटफॉर्म बघायला निघालेलो. सासूबाई पहिल्याच बाकावर बसल्या आणि “तुम्ही जगाचं टोक बघून या” म्हणाल्या. आम्ही चालतोय, चालतोय, पंखे मागे पडताहेत, बाक मागे पडताहेत, हमाल विचारताहेत की कुठली गाडी, नवरा अभिमानाने सांगतोय की कुठलीच नाही. चिरंजीवांनी फोनमध्ये पावलं मोजायला घेतली. टोकाची पिवळी पाटी आल्यावर नवऱ्याने तिच्याशेजारी उभं राहून असा फोटो काढून घेतला, की लग्नातल्या फोटोतही तो इतका खूश दिसत नाही.

मग अप्पांचा मान. आणि इथे मी तुम्हाला हलवून विचारते: दरवर्षी डिसेंबरात आपण पुण्यात ‘सवाई’ला जातो, त्या सवाई गंधर्वांचं गाव कुठलं? कुंदगोळ! हुबळीहून गाडीने गेलात तर डबा उघडून बंद करेपर्यंत येतं. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, ते इथले. त्यांच्या निधनानंतर 1953 पासून पुण्यात जो उत्सव सुरू झाला, त्याचं मूळ या छोट्या गावात. त्यांच्याकडे शिकायला गंगूबाई हनगल हुबळीहून याच रेल्वेने जात. भीमसेन जोशी गदगहून आले आणि गुरूघरी पाणी भरत शिकले. कुंदगोळ पूर्वी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होतं, म्हणजे मराठी-कानडी हा घरोबाही जुनाच. तिथे चालुक्यांच्या काळचं शंभुलिंगाचं देऊळ आहे, ते सासूबाईंना मिळालं. जायला पॅसेंजर गाडी, ती नवऱ्याला मिळाली. एका तिकिटात तीन माणसं गप्प! अप्पा मात्र गप्प नव्हते. स्टेशनात उतरल्यापासून परत चढेपर्यंत गुणगुणत होते आणि सासूबाईंनी त्यांना एकदाही ‘हळू’ म्हटलं नाही.

धारवाडला जायचं तर ‘चिगरी’ने. चिगरी म्हणजे हरीण. दोन्ही शहरांना जोडणारी ही गारेगार बस रस्त्याच्या मधोमध स्वतःच्या राखीव मार्गावरून पळते, थांबेही मधोमध. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या मोटारींकडे आम्ही वरून कीव करत बघत होतो. पुण्याच्या माणसाला बसमधून मोटारींची कीव करायला मिळणं, याचं सुख पुण्याबाहेर कुणाला कळायचं नाही.

धारवाडला कन्येने तोंड उघडलं आणि मिटलंच नाही. साधनकेरीला तळ्यासमोर द. रा. बेंद्र्यांचं घर आहे. कानडीचे एवढे थोर कवी, आणि घरची भाषा मराठी! त्यांनी मराठीतही लिहिलं, बारा वर्षं सोलापूरच्या कॉलेजात कानडी शिकवलं. त्यांना ‘नाकु तंती’साठी 1973 चं ज्ञानपीठ मिळालं. आणि त्याच 1973 चा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार ‘काजळमाया’ला, म्हणजे जी. ए. कुलकर्ण्यांना. ते कुठे राहायचे? धारवाडला! इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांनी तो पुरस्कार परतही केला. दोन भाषांचे दोन मोठे पुरस्कार एकाच सालचे एकाच गावात, आणि आपण इथे फक्त पेढा घेऊन पुढे जातो! तिथून गवई मल्लिकार्जुन मन्सूरांचं घर, ‘मृत्युंजय’. या घरात आता त्यांचं स्मारक आहे. त्यांचे एक गुरू मिरजेचे नीलकंठबुवा. ते ऐकल्यावर अप्पांनी मिरजेचा उल्लेख पुन्हा एकदा, सविस्तर केला.

पेढ्याचं म्हणाल तर तो घ्याच, पण लाइन बाजारात जाऊन घ्या. उन्नावकडून प्लेगच्या भीतीने इकडे आलेल्या ठाकूर कुटुंबाने तो सुरू केला असं सांगतात. खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजत राहायचा आणि शेवटी साखरेत घोळवायचा. तोंडात टाकला की आधी साखर करकरते, मग भाजलेल्या दुधाचा खमंगपणा येतो आणि मग हात आपोआप पुन्हा खोक्यात जातो. नातेवाइकांसाठी घेतलेलं खोकं चिगरीच्या पहिल्या तीन थांब्यांतच हलकं व्हायला लागलं.

चिरंजीवांचा शोध मात्र गिरमिट! गाडीवाल्याने कढईत आधीच तेलात परतून ठेवलेला कांदा, चिंच-गुळाचा हळदीचा रस्सा चुरमुऱ्यांवर ओतला, वर डाळ्याचं पीठ भुरभुरलं, उलथन्याने दोनदा खालवर केलं, कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव, आणि कागदावर वाढून बाजूला बोटभर लांब मिरची भजी. चुरमुरे ओले पण मऊ पडलेले नाहीत, तेवढ्यात खायचं. थांबलात की संपलं! एरवी ‘पिझ्झा कुठे मिळेल?’ विचारणारा हा मुलगा दुसरी प्लेट मागत होता आणि नाकाडोळ्यांतून पाणी गाळत होता. वायफायचा पासवर्ड त्याने हॉटेलात विचारलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

जेवण खानावळीत. पापडासारख्या कडक ज्वारीच्या भाकरींची चळत, तेलात मुरलेलं भरलं वांगं म्हणजे एण्णेगाई, मटकीची उसळ, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, कच्ची मेथी, कांदा, दही. वाढपी ‘पुरे’ हा शब्द कुठल्याच भाषेत ऐकून घेत नाही. तिखट खायची छाती असेल त्यांनी सावजी हॉटेलात मटण खावं. नवऱ्याने खाल्लं, आणि नंतर बराच वेळ तो रेल्वेबद्दलही बोलला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बेंगेरीला गेलो. तिथल्या खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात आपला राष्ट्रध्वज तयार होतो. संघ 1957 सालचा. ध्वजाची नऊ मापं ठरलेली: सगळ्यात मोठा एकवीस फूट बाय चौदा, सगळ्यात छोटा टेबलावर ठेवायचा, सहा इंच बाय चार. अशोकचक्राला आरे बरोबर चोवीस, शिवणीत किती टाके हेही ठरलेलं. सासूबाई शिवणकामात तरबेज. त्यांनी शिवण उलटी-सुलटी करून पाहिली आणि पहिल्यांदाच कुणाच्या कामात खोड काढली नाही.

तर माझं ठाम मत ऐका. कुटुंब घेऊन जायचं तर जागा अशी निवडा, की हॉटेलात फक्त आंघोळ, झोप आणि इडली होईल आणि भांडायला लागणारा वेळ गाव खाऊन टाकेल. हॉटेलाचे तारे मोजू नका. रात्री अकराला ‘जेवलात का?’ विचारणारं माणूस काउंटरमागे आहे का, ते बघा. हुबळी-धारवाडला प्रत्येकाच्या खुळाला त्याचं त्याचं ठिकाण आहे आणि सगळी एका बसच्या नाहीतर एका पॅसेंजरच्या अंतरावर. पेढ्याची खोकी वेगवेगळ्या बॅगांत लपवा, परतीची जागा अगोदर काढा. आणि घरात कुणी आंघोळीला असेल, तेव्हा खोलीचं कार्ड आजीच्या पदराला बांधू देऊ नका!