माझी दक्षता आणि बॅटरीची पेटी

दक्षतेचा अतिरेक हाही एक दोष आहे, हें मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं आमच्या घरच्या जुन्या जीपनें शिकविलें. ‘आधीं कारण सांगा, मग उत्तर’ असें मुलांना जन्मभर बजावणाऱ्या मास्तराची ही फजिती आहे; परंतु ती सांगितल्यानें एखाद्या घरचा अपघात टळला, तर तिचें सार्थकच होईल.

धाकट्या बंधूंची ही जीप वाईस वाड्याच्या पडवीशेजारीं उभी असते. निवृत्तीनंतर तिच्या बॅटरींत डिस्टिल्ड पाणी घालण्याचें काम मीं आपण होऊन पत्करलें. दर रविवारीं मी प्रत्येक घर कांठोकांठ भरीत असें. भर वैशाखांतही पेटीचा तळ ओला दिसे. तो मी फडक्यानें पुशीत असें. फडक्याची लवकरच चाळणी होई. तो दोषही मीं जुन्या धोतराच्याच माथीं मारला!

गेल्या मार्गशीर्षांत पुतण्या मुलांबाळांसह पसरणीच्या घाटानें पांचगणीस निघावयाचा होता. आदल्या दिवशीं सूनबाईंनीं सहज आंत डोकावून विचारलें, ‘‘काका, वैशाखांत न वाळणारें हें पाणी तरी कसलें?’’ मी निरुत्तर झालों. बॅटरी उचलली, तों लोखंडी पेटीचा तळ पापडासारखा मोडून हातांत आला. त्याखालून जाणाऱ्या ब्रेकच्या बारीक नळीवर थेंब पडून तीही खोल कुरतडली गेली होती. ती घाटांत फुटली असती तर? त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

कारण साधें आहे. फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यांनीं १८५९ सालीं ही बॅटरी सिद्ध केली, तेव्हांपासून तींत शिशाचे पत्रे आणि पातळ केलेलें गंधकाम्लच असतें. विद्युत् भरतांना आंतील द्रव फुगतो व वायूचे बुडबुडे निघतात. घर कांठोकांठ भरलेलें असेल, तर आम्लमिश्रित पाणी भोंकांतून बाहेर येतें. त्यांतील पाणी उडून जातें; आम्ल उडत नाहीं. उलट तें अधिक तीव्र होतें, हवेंतील दमट शोषून ओलें राहतें आणि लोखंड खात बसतें.

उपायही घरचाच आहे. हातमोजे व चष्मा घालून, आसपास दिवा-विडी नाहींशी करून, प्रथम ऋण टोकाची तार सोडावी. बॅटरी बाहेर काढावी व तिचीं झांकणें घट्ट लावावीं, कारण आंत सोडा गेल्यास तिचें आम्लच मरेल. पेलाभर पाण्यांत मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून तो पेटींत ओतावा. फेस येणें थांबेपर्यंत पुनः पुनः ओतावा. फेस थांबला, म्हणजे आम्ल संपलें. मग स्वच्छ पाण्यानें धुऊन, पूर्ण वाळवून, गंज खरवडावा आणि अस्तर लावून वर आम्लरोधक रंगाचे दोन हात द्यावे. तळाशीं प्लास्टिकचें ताट ठेवावें. टोकांना पेट्रोलियम जेली चोपडावी. पाणी वरच्या खुणेपलीकडे कधींही घालूं नये. तरीही तें वारंवार कमी होत असेल, तर विद्युत् अधिक भरली जात आहे असें समजून कारागिराकडून तपासून घ्यावें.

नवी पेटी, नवी नळी बसली. मंडळी आठवड्यानें पांचगणीस जाऊन सुखरूप परतली. रविवारचें काम अजून माझ्याकडेच आहे. मात्र झांकण उघडण्यापूर्वीं मी पेटीच्या तळावर कोरडें बोट फिरवितों, आणि तें ओलें झालें, तर तें पुसण्याआधीं सूनबाईंना हांक मारतों.