जाम आवडली!

‘जाम’ हा शब्द मी कॉलेजपासून दिवसातून चाळीस वेळा वापरत आलेय. पिक्चर जाम भारी, जाम भूक, जाम कंटाळा. त्याचा खरा अर्थ मला कळला २०२४च्या एप्रिलमध्ये, चाकणजवळच्या एका पत्र्याच्या शेडमागे, लिंबाच्या झाडाखाली.

‘‘गाडीचं इंजिन जाम आहे,’’ शेठ म्हणाले, ‘‘बाकी गाडी एक नंबर.’’

म्हणजे कसं, तर मुलगा श्वास घेत नाही. बाकी स्थळ चांगलं आहे.

झालं असं होतं, की माझ्या धाकट्या भावाला स्वतःची पिकअप घ्यायची होती. आमचं गाव नारायणगावजवळ. तिकडे कुठल्याही कंपनीची असो, मागे हौदा असलेल्या छोट्या मालगाडीला पिकअपच म्हणतात. हा सात वर्षं दुसऱ्यांच्या पिकअप चालवतोय. संध्याकाळी टोमॅटोचे क्रेट भरायचे, मध्यरात्री मंचर-खेड-चाकण करत पुण्यात मार्केट यार्डला यायचं, पहाटे रिकामी गाडी घेऊन परत. चालू अवस्थेतली, त्याला हवी तशी गाडी चार लाखांच्या खाली मिळेना. आणि ही बंद गाडी शेठ एक लाख नव्वद हजाराला देत होते.

‘‘ताई, तू फक्त बघायला ये,’’ तो फोनवर म्हणाला. फ्रीलान्सर माणसाला ‘फक्त बघायला ये’ म्हटलं, की समजायचं, खिशाला हात घातला गेलाय. माझ्याकडे दोन लाख वीस हजार होते. सहा महिने काम मिळालं नाही, तरी घरभाडं चुकू नये म्हणून चार वर्षं साठवलेले. ज्यांचा पगार एक तारखेला होतो, त्यांना या रकमेची ऊब कळणार नाही. असो.

तर आम्ही चौघं गेलो. मी, भाऊ, गावचे मेस्त्री आणि अण्णा. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांनी वीस वर्षं टेम्पो चालवला. पण तो विकल्यापासून कुणाच्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावलेला नाही. येतो म्हणाले, याचंच मला नवल वाटलं.

मेस्त्री आधी गाडीच्या तोंडाशी गेलेच नाहीत. सीटखालचं मॅट उचलून त्यांनी खाली चिखलाचा थर आहे का, सीटच्या पट्ट्या गंजल्यात का, ते पाहिलं. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्याही अशाच ‘इंजिन जाम’ म्हणून विकल्या जातात, आणि त्यांची वायरिंग पुढची दोन वर्षं छळत राहते. ही कोरडी निघाली. मग त्यांनी पट्टे काढले. कारण कधीकधी धरलेला असतो अल्टरनेटर नाही तर पाण्याचा पंप, आणि नाव मात्र इंजिनाचं होतं. मग स्टार्टर उतरवला. तोही दात अडकवून बसू शकतो. एवढं झाल्यावर गिअर न्यूट्रलला टाकून क्रँकपुलीच्या नटाला पाना लावला, पान्याला चार फुटी पाइप, आणि भाऊ आणि मेस्त्री दोघं त्याला लोंबकळले. तसूभर हाललं नाही.

‘‘खरंच बसलंय,’’ मेस्त्री म्हणाले. त्यांना समाधान वाटल्यासारखं दिसलं. लोकांना इतरांचा लोच्या खरा निघाला की का बरं वाटतं, कोण जाणे!

शेठचा ड्रायव्हर घाटात रेडिएटरचा पाइप फुटला, तरी ‘एवढा चढ चढू’ म्हणत राहिला होता. काटा लालमध्ये, पाणी संपलेलं. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं, मधला ऑइलचा पापुद्रा जातो आणि पिस्टन भिंतीला घासून जागच्या जागी धरतो. हे मेस्त्रींनी मला बिडी पेटवता पेटवता समजावलं. मास कम्युनिकेशनच्या दोन वर्षांत मला कुणी इतकं सोपं करून काही सांगितलं नव्हतं.

नोझल काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं. फक्त गंज असेल, तर अशानं सुटतं म्हणे. दोन रात्रींनी परत गेलो, पुन्हा लोंबकळले. पाव चक्कर फिरलं आणि थांबलं. ऑइलची पट्टी काढून मेस्त्रींनी बोटावर थेंब घेतला. दुधाच्या चहासारखा रंग नव्हता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नव्हतं. पण उन्हात धरल्यावर त्या काळ्या थेंबात बारीक चमक दिसत होती. बेअरिंगची.

‘‘पिस्टनचं काम तर आहेच. क्रँकचं चेंबर उघडल्याशिवाय सांगता यायचं नाही.’’

शेठनी चेंबर उघडू दिलं नाही. मला राग आला होता. पण नंतर वाटलं, त्यांच्या जागी मी तरी कुठे उघडू दिलं असतं? बंद गाडीच्या व्यवहारात विकणाऱ्याकडे विकण्यासारखं एकच असतं, झाकण. उघडलं की भाव ठरला.

मी पत्रकार मोडमध्ये गेले. कागद तपासले. ऑनलाइन बघितलं तर आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा अजून होता. कर्ज फिटलंय, असं शेठ म्हणत होते. पण कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, यावर मी अडून बसले. जुने चलन बाकी होते तेही वळते करून घेतले. शिवाय भावाशी माझा वेगळाच वाद चालू होता. मला लेखी हवं होतं. माझे एवढे, तुझे एवढे, परतफेड अमुक तारखेला. प्रोफेशनल! तो मान खाली घालून ‘बरं’ म्हणत होता.

तेवढ्यात शेठनी चहा मागवला आणि सहज अण्णांना विचारलं, ‘‘तुमचा टेम्पो होता ना? चालता धंदा का हो सोडलात?’’

‘‘पोरीचं कॉलेज होतं,’’ अण्णा म्हणाले. ‘आज ऊन फार आहे’ म्हणावं, त्या सुरात.

भाऊ गाडीच्या टायरकडे बघत होता.

टेम्पो २०१६ साली गेला. माझी फी, पुण्यातलं हॉस्टेल, मेस. तो तेव्हा बारावीला होता. परीक्षा झाली आणि तो दुसऱ्याच्या गाडीवर बसला. मी मित्रमैत्रिणींना इतकी वर्षं सांगत आलेय, की माझ्या भावाला शिक्षणात इंटरेस्टच नव्हता. मी खोटं बोलतेय, असं मला कधी वाटलंही नाही. कुणी तसं मला सांगितलं नव्हतं. पण खरं तर कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

लेखी कागद मी पर्समधून बाहेर काढला नाही. सौदा एक लाख पंचेचाळीस हजारांवर तुटला. वीस हजार एनओसीपर्यंत हातात ठेवले. माझे एक लाख ऐंशी जाणार होते, त्याचे सत्तर, आणि उरलेली मेस्त्रींची उधारी.

टो करून गाडी गावात आली. हेड उतरवलं, तर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर मांजरानं ओरबाडावं तसे उभे चरे. हे अपेक्षित होतं. चेंबर उघडलं तेव्हा मात्र मेस्त्री गप्प झाले. क्रँक आधीच एकदा नव्हे, अनेकदा घासलेला होता. क्रँक घासून बारीक करतात, तसतसं बेअरिंग जाड घ्यावं लागतं; टेन, ट्वेंटी, थर्टी, फॉर्टी. हा फॉर्टीला पोचलेला. पुढे घासायला जागाच नाही. म्हणजे गाडीचं इंजिन पूर्वीही खोललेलं होतं, आणि शेठनी ते सांगितलं नव्हतं. फोन केला, तर म्हणाले, ‘‘ताई, मी बंद गाडी बंद म्हणूनच विकली की.’’ यावर काय बोलणार?

दुसरं इंजिन आणून बसवावं, असा एक सल्ला आला. पण ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, मग आरटीओत तो आरसीवर चढवून घ्या, आणि आणलेलं इंजिन कुठल्या गाडीचं, कुणाच्या नावावरचं, त्याचे कागद द्या. नको म्हटलं. ब्लॉक शाबूत होता. बोअर करायचा आणि क्रँक नवा टाकायचा ठरलं.

पार्ट आणायला पुण्यात मीच होते. म्हणून एका दुपारी, मीटिंगचे कपडे घालून, लॅपटॉपच्या बॅगेत पेपरात गुंडाळलेलं ऑइलकट बेअरिंग घेऊन मी नाना पेठेत उभी. ‘‘पिस्टन स्टँडर्ड, का पन्नास?’’ दुकानदारानं विचारलं. मला आयुष्यात एकच साइज माहीत होता, मीडियम. भावाला फोन लावला. ‘‘पिस्टन पन्नास, बेअरिंग स्टँडर्ड, क्रँक नवा आहे ना आपला,’’ तो म्हणाला. त्या आवाजात मी पहिल्यांदाच एक ऐट ऐकली. ‘आपला’ क्रँक! मी तीन दुकानं फिरले, भाव केला, आणि तो चाळीसेक किलोंचा वाटणारा खोका हमालाकरवी रिक्षात चढवला. लॅपटॉपच्या बॅगेला अजून डिझेलचा वास येतो.

सगळा हिशोब मांडला, तर गाडी एक पंचेचाळीस, टो चार हजार, इंजिनाचं काम एक लाख आठ हजार, बॅटरी आणि दोन टायर बावीस हजार, इन्शुरन्स-फिटनेस-ट्रान्सफर एकतीस हजार. तीन लाख दहा हजार. चालू गाडीपेक्षा नव्वद हजार वाचले, असं मी कौतुकानं सांगते. भाऊ म्हणतो, सात आठवडे गेले आणि टोमॅटोचा उन्हाळी सीझन निम्मा संपला, ते धर. ते धरलं, तर फारसं काही वाचलं नाही. त्याची स्वतःची गाडी झाली, एवढं झालं. तुम्ही अशी गाडी बघत असाल, तर मेस्त्री जो आकडा सांगेल, त्याच्या दीडपट जवळ आहेत का, ते आधी पाहा. आणि मेस्त्री विकणाऱ्याचा नको, आपला न्या.

पहिला स्टार्ट जूनच्या एका संध्याकाळी झाला. धूर, खडखड, मग एकसारखा आवाज. मेस्त्रींनी अण्णांना हाक मारली, ‘‘बसा की.’’ अण्णा बसले. गाडी गिअरमध्ये टाकली नाही. नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून पाचेक मिनिटं आवाज ऐकत राहिले. उतरल्यावर म्हणाले, ‘‘पहिलं हजार किलोमीटर माल कमी भर. पन्नासच्या वर नको.’’ आणि घराकडे चालू पडले.

भाऊ दर महिन्याच्या दहा तारखेला पाच हजार पाठवतो. दोन महिने आले नाहीत. मी विचारलं नाही. एका रात्री झोप येईना, म्हणून मोबाइलवर २०१६ची फी, हॉस्टेल आणि मेस यांची बेरीज करून त्यावर व्याज लावायला घेतलं होतं. मध्येच बंद केलं.

तो रात्री निघाला की मला फोन करतो. पूर्वी मी विचारायचे, जेवलास का? हल्ली तोंडून पहिलं निघतं, ‘‘काटा कुठंय?’’

‘‘निम्म्यात,’’ तो म्हणतो, ‘‘आणि ताई, जेवलोय.’’