मुका मतदार

केंद्र सरकारच्या नोकराला मत देता येते. पण ते कोणाला दिले हे सुचविताही येत नाही, असा १९६४ च्या वर्तणूक नियमांचा दंडक आहे. येथे म्हैसूरला निवडणुका आल्या की कचेरीतले कन्नड स्नेही हटकून विचारतात, "तुम्ही मराठी, म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीचे ना?" मी हसून फाइल उघडतो. २०२३ साली बेळगावकडे समितीची एकही जागा आली नाही. मुंबईत सीमाभागासाठी गहिवरणारे काही पुढारी त्या निवडणुकीत कर्नाटकात आले, ते आपापल्या राष्ट्रीय पक्षांच्या प्रचारासाठी! पक्ष थोर की भाषा, हा प्रश्न त्यांनी आपल्यापुरता सोडविला. माझे उत्तर मतपेटीत बंद राहील. मला निदान नियमाचे निमित्त आहे. त्यांना कोणी अडविले होते?