लालबागेतला खडक

दुपारी मिरज सोडली. बेळगावला दिवेलागण झाली आणि पुढचा मुलूख झोपेतच गेला. गाडी दोन तास उशिरा धावत होती. एरवी मी कुरकुरलो असतो. पण त्या उशिरामुळेच तुमकूरच्या अलीकडे उजाडले. खिडकीतून पाहतो तो आपले पायऱ्यापायऱ्यांचे काळे डोंगर कुठल्या कुठे राहिलेले! तांबूस जमीन आणि तिच्यावर करड्या, गोलसर शिळा. पोरांनी खेळ अर्धवट टाकून जावे तशा विखुरलेल्या. अण्णा केव्हाचे जागे होते.

"दगड बदलला रे," ते म्हणाले.

अण्णांनी दगडाचा विषय काढला की मी गप्प बसतो. त्यांचे गाव पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात घराची भिंत कोसळली आणि तिच्याखाली त्यांची आई गेली. अण्णा तेव्हा अकरा वर्षांचे होते. अजूनही गाडी रुळ बदलताना धडधडली की त्यांचा हात आपसूक काहीतरी घट्ट धरतो.

बंगळुरूला माझी बहीण असते. तिचे यजमान भूशास्त्र शिकवतात. दुसऱ्या दिवशी दाजी आम्हांला लालबागेत घेऊन गेले. लोक तिथे फुले आणि काचघर पाहायला जातात. आम्ही चढलो तो केंपेगौडाच्या बुरुजाखालचा उघडा खडक. फिकट आणि काळसर पट्टे एकमेकांत वळलेले, पिळून टाकलेल्या लुगड्यासारखे. वय म्हणे सुमारे ३०० कोटी वर्षे! ज्या सह्याद्रीला आपण अनादि म्हणतो, त्याचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे या खडकापुढे कालचे पोर.

मी मराठीचा मास्तर. मला हा आकडा पेलेना. दाजींनी सोपे करून सांगितले. समुद्रतळाचा जड, काळा खडक पृथ्वीच्या पोटात बुडतो आणि बुडताना पाणी बरोबर नेतो. त्या पाण्यामुळे खोलवरचा तप्त खडक वितळू लागतो. त्या रसाचा हलका अंश, दुधावर साय धरावी तसा, वर येतो. पुन्हापुन्हा आटून-वितळून त्याचा ग्रॅनाइटसारखा खडक होतो. आज हे असे घडते. ३०० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी अधिक तापलेली होती, तेव्हा नेमके काय घडले यावर पंडितांत वाद आहेत. (वाद नसतील तर ते पंडित कसले!) समुद्रतळ जेमतेम सात किलोमीटर जाडीचा आणि सहसा वीस कोटी वर्षांच्या आत पुन्हा गिळला जाणारा. खंडांची ही साय पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड, आणि हलकी म्हणून सहजी बुडत नाही. मात्र तिचे हाल चुकत नाहीत. ती दाबली जाते, तापते, मळली जाते. पायाखालचे पट्टे त्याच मळणीचे. वरचे डोंगर झिजतात, त्यांचा गाळ समुद्रात जातो, काही पुन्हा खंडाला येऊन चिकटतो.

अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे खरा पाया हा. हा काही हलायचा नाही."

दाजींनी माझ्याकडे पाहिले. २०१७ साली कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडले, हे त्यांनी मला आदल्या रात्रीच सांगितले होते. सुमारे सव्वा किलोमीटर आपला काळा पाषाण लागला आणि त्याखाली थेट याच घराण्यातला जुना खडक. भूकंप होतात ते त्या खालच्या खडकातल्या जुन्या भेगांवर. धरणाच्या पाण्याने त्या चाळवल्या, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

खोटे बोलणे दाजींना जमत नाही. "अण्णा, कोयनेच्या खालीही असलाच खडक आहे," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे त्या रात्री..."

"होय. तोच हलला."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी वहाणा काढल्या, खाली बसले आणि तळहात खडकावर टेकला. शेजारून शाळेची पोरे आरडाओरडा करीत घसरत होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ऊन चांगलं लागलंय रे याला." आणि हात तसाच राहू दिला.