तेरखेड्याच्या माळावर रंगपेटी

धाराशिवहून बीडकडे जाणारी एसटी येडशी आणि येरमाळा मागे टाकते, की तेरखेडा येते. वाशी तालुक्यातले हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. दिवाळीच्या तोंडावर मराठवाडाभर याचे नाव निघते, कारण येथे फटाके तयार होतात. लोक येथे फटाके घ्यायला येतात. आम्ही मात्र जानेवारीतल्या एका रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेची आठ मुले घेऊन चित्रे काढायला गेलो. ज्वारी हुरड्यात आली होती आणि दूरवर बालाघाटच्या रांगा निळसर दिसत होत्या.

मुलांना इथवर आणण्याचे कारण सांगतो. आमच्या मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले, की ठरलेलेच चित्र येते. दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, एक कौलारू झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. आपल्या दुष्काळी भागात नारळ कुठला आणि बारमाही नदी तरी कुठली? ‘तुझे घर का काढत नाहीस?’ असे एकाला विचारले. तो म्हणाला, “काका, पत्र्याचं घर काय काढायचं? ते चित्रात चांगलं दिसत नाही.” हे उत्तर मनाला लागले. आपले घर चित्रात घेण्याच्या लायकीचे नाही, हे या मुलाला कोणी शिकवले?

म्हणून ठरवले, की ज्या इमारतींकडे कोणी वळून पाहत नाही, त्याच काढायच्या. तेरखेड्याच्या शिवारात फटाक्यांच्या कारखान्यांची पत्र्याची शेडे लांबून दिसतात. तेथे चूल, विडी, काडीपेटी चालत नाही, म्हणून आम्ही जवळ गेलोच नाही. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसकण मारली.

एका मुलीने सगळ्या खोल्या चाळीसारख्या एकीला एक चिकटवून काढल्या. तिला पेन्सिल हात लांब करून धरायला आणि एक डोळा मिटायला सांगितले. पेन्सिलीवर एका खोलीची रुंदी मोजायची, मग दोन खोल्यांमधली मोकळी जागा मोजायची. मोजल्यावर तीच म्हणाली, “काका, खोल्यांपेक्षा मोकळी जागाच जास्त आहे.”

तिथेच खरा धडा सुरू झाला. ही जागा सोडली आहे, कारण एका खोलीत भडका उडाला तर तो दुसरीपर्यंत पोहोचू नये. आपल्या देशात स्फोटकांचा कायदा १८८४ सालचा आहे आणि सध्याचे नियम २००८ सालचे. दोन इमारतींत किती अंतर हवे, एका खोलीत किती माणसे आणि किती माल असावा, हे त्यात ठरवून दिले आहे. देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. तरीही तेरखेडा परिसरातल्या स्फोटांच्या बातम्या अधूनमधून वाचाव्या लागतात. हातावर पोट असलेली माणसे तेथे कामाला जातात. आमच्यातल्याच एका मुलाची मावशी अशा कामावर जाते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने खोडरबर घेतले आणि आपल्या चित्रातले अंतर पुन्हा मोजून काढले. इमारतींचे चित्र म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. कोणती भिंत कोणापासून किती लांब आहे, हे ज्याने नीट पाहिले त्याला त्या गावाचे पुष्कळ कळले.

आता रंगांविषयी. घरी मुलांना शिकवू इच्छिणाऱ्या माता-भगिनींसाठी थोडे सविस्तर लिहितो. जलरंग पातळ ताकासारखे लावायचे. त्यात कागदाचा पांढरेपणाच उजेड होतो, म्हणून फिक्याकडून गडदाकडे जायचे. आकाश, लांबचे डोंगर, ज्वारीचे शिवार हे सगळे आधी अशा पातळ रंगात उरकावे आणि कागद पूर्ण वाळू द्यावा. ग्वाश हा त्याचाच भाऊ. त्यातही डिंकच असतो, पण रंगद्रव्य जास्त आणि पाणी कमी. तो दाट दह्यासारखा बसतो आणि खालचा रंग झाकतो. मुलांच्या पोस्टर कलरच्या बाटल्यांवर हे काम भागते. भिंती, पत्रे, दारे यांना तो घ्यावा. गडद भिंतीवर शेवटी उजेडाची रेघ ओढता येते, ती सोय जलरंगात नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ग्वाश वाळल्यावर फिका रंग थोडा गडद आणि गडद रंग थोडा फिका होतो, म्हणून आधी चिठोऱ्यावर लावून पाहावा. आणि थरावर थर जाड चढवले तर ते तडकतात. पत्रा राखाडी असतो ही समजूतही तेथेच गेली. उन्हातला पत्रा आकाशाचा रंग घेतो, सावलीतला मातीचा. ज्याला पत्र्याचे घर चांगले दिसत नव्हते, त्याच मुलाने एका पत्र्यात पाच रंग शोधले.

दाट रंगात इमारती काढण्याची रीत आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर वाळलेल्या गिलाव्यावर चिकट पदार्थात कालवलेले अपारदर्शक रंगच आहेत. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी, हिरवी माती असे बहुतेक रंग साधे आहेत. निळा तेवढा दूरदेशीच्या दगडाचा. सतराव्या लेण्यातल्या विश्वंतर जातकात खांबांचे मंडप आहेत, नगराची वेस आहे. त्या काळची लाकडी घरे कधीच नाहीशी झाली, पण ती कशी होती हे या चित्रांतून कळते. पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी १७९० नंतरच्या काही वर्षांत वेरूळची लेणी कागदावर उतरवली. ती चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

आपल्या जिल्ह्याला याची किंमत फार महागात कळली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, यांखाली झोपेतच हजारो माणसे गेली. पुढे नवी गावे वसली. जुन्या गावात आपली गल्ली कशी होती, उंबरा कुठे होता, हे नातवंडांना दाखवायला किती घरांत एखादे चित्र असेल? वाड्यांचे फोटो निघाले, वस्तीचे कोणी काढले?

म्हणून आमचे सांगणे आहे, की मुलांनी आधी आपली वस्ती काढावी. समाजमंदिर, विहार, शाळा, हातपंप, पत्र्याचे घर, आजीचा ओटा. मागे गाव आणि तारीख लिहून ठेवावी. बक्षीस मिळो न मिळो, तो कागद जपून ठेवावा.

तेरखेड्याची आठही चित्रे अभ्यासिकेच्या भिंतीवर लावली आहेत. पुढचा रविवार तेरचा. तेथले त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याची मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर हत्तीच्या पाठीसारखे आहे. ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या विटांचा तांबूस रंग पातळ लावायचा की दाट, यावर मुलांत आत्ताच वाद सुरू झाला आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी पाण्याची बाटली, जुने फडके आणि एक पुठ्ठा बरोबर आणावा.